गव्हाचं कुसळ

नंदाबाईचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. खळ्यावर गहू उफणताना कुसळ उडालं आणि डोळ्यात रुतलं, असं तिची आई सांगायची. नंदाबाई लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईला आली तेव्हा अख्ख्या गल्लीनं तिला विचारलं आणि अख्ख्या गल्लीला तिनं कुसळ सांगितलं. कुसळाचं एक बरं असतं. त्यात घराण्याचा दोष नसतो, ते कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतं, आणि मुख्य म्हणजे ते लेकीच्या डोळ्यात उतरत नाही.

बाकीचं मात्र सगळं उतरलं होतं. नंदाबाईचे पुढचे दात खिळ्यासारखे टोकदार, आणि मधले काही उगवलेच नव्हते. मिसरी लावून लावून तिनं ते असे काळे केले होते की बघणाऱ्याला मिसरीच दिसावी. टाळूवर एक चट्टा होता, त्यावर केस नाही, तो पदराखाली. पोटऱ्यांवर फिकट रेघा, त्या साडीखाली. मुलगी झाली, अर्पिता, तर तिच्या पायांवर जन्मल्याबरोबर ओळीनं फोड उठले आणि काही आठवड्यांत आपसूक सुकून गेले. पुढं दात आले ते आईच्या वळणाचे आले, टाळूवर चट्टाही तसाच. अर्पिताच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन मुलगे पोटातच गेले होते. हिच्या पोटी पोरगा टिकत न्हाई, असं सासू येताजाता म्हणायची. नंदाबाईनं ते आयुष्यभर खाली मान घालून ऐकलं.

अर्पिता दिसायला छान, शिकायला हुशार. बी.एस्सी. झाली आणि जालन्याहून स्थळ आलं. मुलगा ऋषी बियाण्याच्या कंपनीत ऑफिसात होता, वडील भालचंद्रराव निवृत्त शिक्षक, आई प्रेमलाताई नीटनेटक्या, हसऱ्या. बघायला यायच्या आधी नंदाबाई लेकीला घेऊन गुपचूप तालुक्याला गेली आणि दातांना कॅप बसवून आली. चट्ट्यावर केसांचा फुगा काढला, वर गजरा. नवऱ्याला, म्हणजे बद्रीनाथला, यातलं निम्मंच ठाऊक होतं. तो भला माणूस, मिरचीच्या वाफ्यापलीकडं फार बघायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं नंदाबाई लेकीला म्हणाली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हेही आपल्याकडंच म्हणतात, पण स्थळ दारात उभं असताना ते कुणाला आठवत नसतं.

लग्न झालं. दोन वर्षं सुखात गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याप्रमाणं अर्पिता पिंपळगावला आली आणि भोकरदनच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. पाचवीला सटवाईची पूजा मांडली, पाट्यावर हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद आणि लेखणी ठेवली. बाळाचं दुपटं सोडलं तर मांडीपासून घोट्यापर्यंत फोडांची रांग. शेजारणी म्हणाल्या, सटवाईनं कपाळाऐवजी पायावर लिहिलं की काय! नंदाबाईला मात्र त्या रांगेची ओळख होती. तिनं दुपटं परत गुंडाळलं.

"उष्णता उठलीय," ती म्हणाली. "कडूलिंबाच्या पाण्यानं पुसून घेतलं की जाईल."

पण प्रेमलाताई ऋषीला घेऊन जालन्याहून पाचवीला आल्या होत्या. त्यांनी दुपटं पुन्हा सोडलं, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं. "ऋषी, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवू. तान्ह्या अंगावर असं ठेवायचं न्हाई."

नंदाबाईनं दुपटं पुन्हा ओढून घेतलं. नातीच्या काळजीनं नव्हे. नातीचे फोड सुकणार, हे तिनं स्वतःच्या लेकीच्या अंगावर पाहिलं होतं. तिला धास्ती होती ती डॉक्टर काय काय विचारेल याची, आणि ते प्रेमलाताईंच्या देखत विचारेल याची.

आणि जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं नेमकं तेच केलं. तरुण होता, बाहेर गर्दी होती, तरी त्यानं घाई केली नाही. फोडांवरून बोट न टेकवता हवेतच रेघ ओढली.

"हे ओळीनं आलेत," तो म्हणाला. "साधं इन्फेक्शन असं ओळ धरून येत नाही. अंगातल्या रंगाचा एक आजार असतो, घराण्यातून येणारा. फार क्वचित दिसतो, आणि दिसतो तो मुलींतच. म्हणून विचारतो. आईकडच्या कुणाला जन्मल्यावर असे फोड आले होते? दात कमी, टोकदार? टाळूवर केस नसलेला चट्टा?"

खोलीत तीन बाया होत्या. अर्पितानं ओठ मिटून घेतले आणि आईकडं बघितलं. प्रेमलाताई पर्सच्या चेनशी चाळा करत होत्या. नंदाबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात असलं काईच न्हाई, डॉक्टरसाहेब."

"तुमच्या डोळ्याला काय झालं, आजी?"

"कुसळ गेल्तं. गव्हाचं. लहान होते तवा."

हे खोटं नव्हतं. म्हणजे तिच्या माहितीप्रमाणं नव्हतं. ती इतकं सरळ बोलली की डॉक्टरनं मान हलवली.

"मग ठीक," तो म्हणाला. "घरात असं कुणी असतं तर मी बाळाला आजच्या आज पडद्याच्या डॉक्टरकडं पाठवलं असतं. या आजारात फोडांचं काही नाही, ते जातात. भीती डोळ्याच्या आतल्या पडद्याची असते. तिथल्या रक्तवाहिन्या नीट वाढत नाहीत, पडदा सुटतो. पण घरात कुणालाच नाही म्हणता, तर आधी इन्फेक्शनचं औषध देऊन बघू."

हे सगळं नंदाबाईनं स्वच्छ ऐकलं. तिला समजलं नाही असं कुणी म्हणू नये. तिच्या जिभेवर शब्द आलाही होता. तेवढ्यात प्रेमलाताईंनी पर्स बंद केली, चेनचा आवाज झाला, आणि तो शब्द परत गेला. फसवून मुलगी गळ्यात मारली, असं या बाईनं उद्या म्हटलं तर? ओल्या बाळंतिणीला माहेरीच ठेवून घ्या म्हणाली तर? कुठं पडद्याची गोष्ट, आणि कुठं लेकीचा मांडलेला संसार. नंदाबाईनं जे जवळचं होतं ते वाचवलं.

संध्याकाळी पिंपळगावला परतल्यावर अर्पितानं बाळाला पाजता पाजता विचारलं, "आई, सांगायला पाह्यजे होतं का गं?"

"तुला आल्ते की फोड. दातबी तसेच. तुझे डोळे बराबर हायेत का न्हाई?"

"हायेत."

"मंग? आन् माझं तर कुसळ हाये. आपल्या घराण्यात डोळ्याचं काईच न्हाई, बाई. उगं कशाला स्वतःच्या हातानं आग लावायची?"

अर्पिताला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आईचा डोळा कुसळानं गेला, हे तिनं जन्मापासून ऐकलं होतं, आणि जे जन्मापासून ऐकलं त्याचा कुणी पुरावा मागत नाही. तरी रात्री दिवा मालवायच्या आधी ती बाळाच्या डोळ्यांकडं जरा जास्त वेळ बघायची. तान्ह्या बाळाचे डोळे कुठंही भिरभिरतात, त्यातून काही कळायचं नाही. औषध चालू राहिलं. फोड सुकले, त्यांच्या खरखरीत खपल्या झाल्या. बघ, मी म्हनलं न्हवतं का, असं नंदाबाई शेकशेगडी करताना म्हणायची. ती मनातून सुटल्यासारखी झाली होती. नातीला न्हाऊ घालताना ती गाणी म्हणायची, आणि त्या दिवसांइतकी आनंदात ती पुन्हा कधी दिसली नाही.

बारसं सव्वा महिन्यानं, पिंपळगावलाच ठेवलं. जालन्याहून सगळे आले. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांची परात, गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. ओवाळायचा पहिला मान आजीचा. नंदाबाईनं निरांजन लावलं आणि पाळण्यावर वाकली.

पोर दिव्याकडं बघू लागली. ज्योत उजवीकडं नेली तशी मान वळली. डावीकडं नेली तशी पोर बावरली, दिवा हरवल्यासारखी. नंदाबाईनं ज्योत पुन्हा डावीकडं नेली आणि तिथंच धरली. उजवा डोळा शोधत होता. डावा नुसताच उघडा होता, आणि त्याच्या बाहुलीत, जिथं काळं असायला हवं तिथं, दुधावरच्या सायीसारखं पांढुरकं काहीतरी चमकत होतं.

"अगं बया, मांजरीवाणी चमकून राह्यला की डोळा!" मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं. दोघीतिघी हसल्या.

नंदाबाईला डॉक्टरचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. आजच्या आज पाठवलं असतं. तो आज कधीच निघून गेला होता. तिनं हातातलं तबक खाली ठेवलं. अजून एक डोळा होता. तो दिव्याकडं बघत होता. आत्ता बोललं नाही तर तोही जाईल, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि समोर अख्खी गल्ली बसली होती, सोयरे बसले होते, विहीण बसली होती.

तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला.

"त्या दिवशी डॉक्टरनं जे जे इचारलं, ते सगळं आमच्यात हाये," ती म्हणाली. "हा बघा चट्टा. हे दात. अर्पितालाबी हाये. तिच्या दातांना मी कॅप बसवल्या, लग्नाच्या आधी. मी खोटं बोलले, ताई. पोरीचा एक डोळा गेला. दुसरा तरी वाचवा. मंग मला काय बोलायचं ते बोला."

अर्पिता भिंतीला टेकून खाली बसली. बद्रीनाथ दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. प्रेमलाताई उठल्या, त्यांनी पाळण्यातून पोरीला उचललं आणि छातीशी धरलं.

"ऋषी," त्या म्हणाल्या, "गाडी काढ."

बारसं तसंच राहिलं. बायांनी घुगऱ्या ओटीत घेतल्या आणि गुपचूप घरी गेल्या.

संभाजीनगरला पडद्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, पापण्या बारक्या तारेनं उघड्या धरल्या आणि डोक्याला लावलेल्या दिव्यानं आत बघितलं. पोर किंचाळत होती. ऋषीनं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि तोही रडत होता. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी मऊ आवाजात पण काही न लपवता सांगितलं. डाव्या डोळ्याचा पडदा पूर्ण सुटून गोळा झालाय, तिथं आता काही करता येणार नाही. उजव्यात रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्याच नाहीत, पण पडदा अजून जागेवर आहे. उद्याच भूल देऊन लेझर करू. पुढं कैक वर्षं तपासत राहावं लागेल.

"जन्मल्या जन्मल्या आणली असती तर?" ऋषीनं विचारलं.

"खात्रीनं कुणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण संधी होती. चांगली संधी होती."

मग त्यांनी अर्पिताला आणि नंदाबाईलाही तपासलं. अर्पिताचे पडदे चांगले होते. नंदाबाईच्या उजव्या डोळ्यात त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आजी, या डोळ्यात कुसळ वगैरे काही गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वरून कुठं साधा ओरखडासुद्धा नाही. तान्हेपणीच पडदा सुटलाय. नातीचं आहे तेच हे. आणि तुमचे पोटातले मुलगे गेले म्हणता, तेही यानंच. या आजारात मुलगे बहुतेक जन्मापर्यंत टिकत नाहीत. त्यात तुमची काही चूक नव्हती."

सासूनं आयुष्यभर दिलेला बोल आज कुणीतरी पुसून टाकला होता, पण त्याचं बरं वाटायला मनात जागाच उरली नव्हती. तिला आई आठवली. खळं, गहू, उडालेलं कुसळ, सगळं त्या माउलीनं रचलं होतं, पोरीला कुणी पदरात घ्यावं म्हणून. पोरीचं लग्न झालं. कुसळ मात्र घरात राहिलं. आईनं एवढंच कानात सांगून ठेवलं असतं की हे कुसळ खरं नव्हे, तर पाचवीच्या दिवशी नंदाबाई बोलली असती का? तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर काय येईल याची खात्री नसल्यामुळं तिला स्वतःचीच किळस आली.

कॉरिडॉरमध्ये बाकावर ती बसली होती. प्रेमलाताई येऊन शेजारी बसल्या. नंदाबाई अंग चोरून घेऊन वाट बघू लागली. आता बोल लावतील, आता म्हणतील लेकीला घेऊन जा.

"मला ठाऊक होतं," प्रेमलाताई म्हणाल्या.

"काय?"

"दातांचं. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला. तिळाची वडी चावताना अर्पिताची कॅप निघाली. ती बेसिनपाशी आरशात बघत उभी होती, दात उघडा, कॅप हातात, डोळ्यांतून पाणी. मी पाह्यलं आणि दार हळूच लोटून घेतलं. म्हटलं, पोरीला वाईट वाटेल. घरात कुणाला बोलले न्हाई, तिलाही न्हाई. दात कसेही असले तरी सून गुणाची होती. मला काय करायचं होतं दातांशी?"

नंदाबाईनं नकळत स्वतःच्या दातांवर पदर धरला.

"डॉक्टरांनी दातांचं विचारलं तेव्हा माझ्या अगदी तोंडात आल्तं," प्रेमलाताई म्हणाल्या. "पण तुम्ही न्हाई म्हणालात. मंग मी कसं बोलू? विहीणबाईंना चारचौघांत खोटं पाडायचं? मी पर्सची चेन लावत बसले, नंदाताई. पर्सची चेन."

अर्पिता समोर बाळाला घेऊन उभी होती. कधी आली ते दोघींना कळलं नव्हतं.

"मीपण होते तिथं, मम्मी," ती सासूला म्हणाली. "माझ्या तोंडात होते ते दात."

तिघींना माहीत होतं. तिघी एकमेकींची अब्रू सांभाळत बसल्या, आणि जिला स्वतःची अब्रू म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं तिनं किंमत दिली. प्रेमलाताईंनी नंदाबाईचा हात धरला तेव्हा तिला वाटलं, त्यापेक्षा हिनं दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेझर झालं. उजवा डोळा वाचला. नाव पुढं जालन्यातच ठेवलं, पाळण्याशिवाय, गाण्यांशिवाय: जान्हवी.

जान्हवी दीड वर्षाची झाल्यावर अर्पिता तिला घेऊन पिंपळगावला आली, तेव्हा पोरीच्या पायांवरच्या खपल्या जाऊन तिथं तपकिरी वळणं उमटली होती, ताकात हळद सोडून पळी एकदाच फिरवावी तशी. खालचे दोन दात आले होते, टोकदार. अर्पितानं आल्याआल्या आईला सांगून टाकलं, "हिच्या दातांना हात लावायचा न्हाई. कुणी विचारलं तर सांगायचं." तिनं स्वतःच्याही कॅप काढून टाकल्या होत्या. हसली की आता ती नंदाबाईच्या वळणाची दिसायची, फक्त मिसरी नसलेली. जान्हवीचा डावा डोळा आक्रसून बारीक झाला होता. कडेचं बघायचं तर तिला अख्खी मान फिरवावी लागे. नंदाबाई तिच्या उजव्या बाजूलाच बसायची, आणि कधी चुकून डावीकडं बसली तर नात तिला शोधत राहायची.

बांगड्या भरायला सगुणाबाई कासारीण ओसरीवर आली. भोकरदनची, वर्षानुवर्षांची ओळखीची, साऱ्या पंचक्रोशीच्या बातम्या पेटीत घेऊन फिरणारी. बारशाच्या वेळी ती नव्हती. तिनं पेटी उघडली, जान्हवीचा इवलासा हात धरला, लहान मापाची हिरवी बांगडी शोधली, आणि पोरीचं तोंड बघून थबकली.

"अगं बया! हिच्या डोळ्याला काय झालं गं, नंदाबाई?" ती म्हणाली. मग तिचं तिलाच सुचलं. "तुझ्यावानीच कुसळ गेलं का काय?"

उत्तर तयारच होतं. कासारणीनं ते स्वतःच हातावर आणून ठेवलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगुणाबाई हळहळली असती, चार गावांत कुसळ सांगत गेली असती, आणि पुढं कधीतरी जान्हवीनंही तेच सांगितलं असतं. आत चुलीपुढं बसलेल्या अर्पिताचा हात थांबला.

"कुसळ न्हाई गेलं," नंदाबाई म्हणाली. "माझ्याबी डोळ्यात कधी गेलं न्हवतं. आमच्या घरात आजार हाये, आईकडून लेकीला येतो. मला हाये, अर्पीला हाये, हिला हाये. डॉक्टरनं मला तोंडावर इचारलं, आन् मी न्हाई म्हनले. तवा बोलले असते तर कदाचित वाचला असता डोळा. म्या घालवला, सगुणाबाई. कुणी इचारलं तर आसंच सांग."

सगुणाबाईच्या हातातली बांगडी तशीच राहिली. नंदाबाई डावीकडं बसली होती. आजीचा आवाज येत होता, पण ती जान्हवीला दिसेना, तेव्हा तिनं मान पूर्ण वळवली आणि चांगल्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं.